अलॉय बदलले, साइज बदलली. आता हवा किती भरायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडच्या एका गाडीमालकाने हॅचबॅकचे कंपनीचे 15 इंची पत्र्याचे रिम काढून बाहेरून 17 इंची अलॉय बसवले. जुना टायर 185/65 आर15, 88 एच. नवा 205/45 आर17, 88 व्ही, आणि त्यावर ‘एक्स्ट्रा लोड’ असं छापलेलं. दाराच्या चौकटीवरच्या स्टीकरवर चारही चाकांना 32 पीएसआय आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागे 35 लिहिलंय. अलॉय बसवणाऱ्याने 32 भरून दिली. मित्र म्हणतो, लो प्रोफाइलला, म्हणजे बुटक्या बाजूच्या टायरला, 40 लागते. टायरच्या अंगावर कमाल 51 लिहिलंय. गाडी आदळायला लागली म्हणून ते आता 30 वर चालवतायत. रोज कराड-कोल्हापूर हायवे, अधूनमधून कुटुंबासह आंबा घाटातून रत्नागिरी. यातला खरा आकडा कोणता?

माझं कोल्हापुरात टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, आणि अलॉय बदलून आलेल्या गाड्यांमध्ये हा घोळ जवळजवळ प्रत्येक वेळी दिसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पण आधी एक काम करा: उद्या सकाळी गाडी हलवायच्या आत 30 वरून हवा वर न्या. 37 करा. का, ते खाली सांगतोच. पण तोवर 30 वर हायवेला जाऊ नका. ही घाई मी उगाच करत नाही.

तुमचा प्रश्न तुम्ही ‘किती हवा’ असा विचारलाय, पण त्याच्या मुळाशी वेगळीच गोष्ट आहे. गाडीचं वजन टायर उचलत नाही, बहुतांश आतली हवा उचलते. रबर, तारा, कापड हे सगळं ती हवा धरून ठेवण्यासाठी असतं. गाडी बनवणाऱ्याने 32 हा आकडा लिहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक टायर होता आणि त्या टायरने 32 वर एक ठरावीक भार पेलायचा होता. तुम्ही टायर बदललात, म्हणजे त्या हिशोबाची एक बाजू बदलली. आता दुसऱ्या बाजूला तोच भार मिळेल अशी हवा शोधायची. स्टीकरवरचा 32 हा आकडा जपायचा नाही, त्या 32 मधून मिळणारी भार पेलण्याची ताकद जपायची.

आता टायरवरचं वाचू या. 185/65 आर15 म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के आणि रिम 15 इंची. 88 हा भाराचा निर्देशांक, म्हणजे लोड इंडेक्स; त्यापुढचं अक्षर वेगाच्या मर्यादेचं. 88 म्हणजे 560 किलो, 87 म्हणजे 545, 84 म्हणजे 500, 91 म्हणजे 615. तुमच्या जुन्या आणि नव्या दोन्ही टायरवर 88 आहे, त्यामुळे अलॉयवाल्याला वाटलं की दोन्ही सारखेच, 32 चालेल. इथेच गफलत होते. 560 किलो हा भार टायर कुठल्याही हवेवर उचलत नाही. एका ठरलेल्या दाबावरच उचलतो. युरोपियन मापाच्या साध्या टायरसाठी, ज्याला आम्ही स्टँडर्ड लोड म्हणतो, तो दाब 250 किलोपास्कल म्हणजे 36 पीएसआय. एक्स्ट्रा लोड टायरसाठी तो 290 किलोपास्कल म्हणजे 42 पीएसआय. हवा त्याहून कमी असेल तर पेलण्याची ताकदही कमी होते, आणि ती किती कमी होते याचे तक्ते ईटीआरटीओ ही युरोपातली टायर-रिमच्या मापांची संस्था छापते. आपल्याकडेही टायर उद्योगाच्या इटॅक समितीची अशीच पुस्तिका असते.

त्या हिशोबाने तुमच्या गाडीचं चित्र असं निघतं. जुना 88 चा साधा टायर 32 वर साधारण 505 किलो पेलत होता. नवा 88 चा एक्स्ट्रा लोड टायर त्याच 32 वर साधारण 450 किलोच पेलतो. एका चाकामागे पन्नासपंचावन्न किलो गेले, चार चाकांचे मिळून सव्वादोनशेच्या आसपास. 30 वर तर आणखी कमी. बाहेरून टायर रुंद, दणकट दिसतो, नावातच ‘एक्स्ट्रा लोड’ आहे, आणि प्रत्यक्षात तुमची गाडी आधीपेक्षा कमी ताकदीवर पळतेय. जुने 505 परत मिळवायचे तर नव्या टायरमध्ये 255 किलोपास्कल लागतात, म्हणजे 37 पीएसआय.

पाठ करायला सोपं म्हणून सांगतो. लोड इंडेक्स तोच असेल आणि साध्यावरून एक्स्ट्रा लोडवर आला असाल, तर स्टीकरचा आकडा गुणिले 1.16. तुमच्या 32 चे 37 होतात, आणि मागच्या 35 चे साधारण 41. म्हणजे तुमच्या मित्राचा 40 हा आकडा अगदीच चुकीचा नाही. पाच माणसं आणि डिकीभर सामान असताना मागच्या चाकांना तो जवळजवळ बरोबर आहे. फक्त ‘लो प्रोफाइल म्हणून 40’ हे कारण बरोबर नाही. नुसतं प्रोफाइल बघून आकडा ठरत नाही. कमी प्रोफाइलच्या टायरमध्ये हवेला जागा कमी, म्हणून त्याच भाराला दाब जास्त लागतो, आणि किती जास्त हे लोड इंडेक्स आणि टायरचा प्रकार बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

एक्स्ट्रा लोडबद्दल अजून एक गोष्ट, कारण दुकानात अनेकांचा यावर विश्वास बसत नाही. याच 205/45 आर17 मापात 84 चा साधा टायर येतो आणि 88 चा एक्स्ट्रा लोड येतो. दोघांतही 36 भरली तर दोघेही जवळपास सारखाच, पाचशेच्या आसपास भार पेलतात. एक्स्ट्रा लोडची अंगकाठी जास्त हवा सोसेल अशी बांधलेली असते, एवढाच फरक. जास्तीची ताकद 36 च्या वर हवा नेलीत तरच हाती लागते. जास्तीचे पैसे देऊन एक्स्ट्रा लोड घ्यायचा आणि त्यात 32 भरायची, म्हणजे तो घेतलाच नाही असं समजा.

51 चं काय? तो आकडा तुमच्यासाठी नाहीच. टायरवर ‘मॅक्स प्रेशर 350 किलोपास्कल, 51 पीएसआय’ लिहिलेलं असतं ती थंड टायरमध्ये ओलांडू नये अशी वरची मर्यादा. ती शिफारस नव्हे. 51 वर चालवलं तर रस्त्याला टायरचा मधला पट्टाच नीट टेकतो, ब्रेक लांब लागतात, ओल्या रस्त्यावर पकड जाते आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ सस्पेन्शनला बसतो. पंक्चरवाल्याने अंगावरचं वाचून ‘साहेब, यात तर 51 लिहिलंय’ म्हटलं, तर त्याला हात जोडून नाही म्हणा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते मोकळेपणाने सांगतो. 37 हा आकडा जुन्या टायरइतकी ताकद राखण्याचा आहे. तुमच्या गाडीला प्रत्यक्षात तेवढी लागते का? साध्या हॅचबॅकचं रिकामं वजन हजार किलोच्या आतबाहेर असतं, माणसं-सामान धरून चौदाशेच्या आसपास जातं. चारने भागलं तर एका चाकावर साडेतीनशे किलो. मग 450 पुरेसे नाहीत का? सपाट रस्त्यावर उभ्या गाडीला पुरतील. पण आंबा घाट उतरताना ब्रेक मारत डावीकडे वळलात की वजन पुढच्या उजव्या चाकावर झुकतं. त्यात रस्त्याची कड तुटलेली असेल, वर मे महिन्याचं ऊन असेल, मागे तीन माणसं असतील. गाडी बनवणारा ही सगळी बेरीज गृहीत धरून वर राखीव ताकद ठेवतो. ती राखीव ताकद मी तुमच्या वतीने कमी करायला तयार नाही, आणि तुम्हीही करू नये असं मला मनापासून वाटतं. शहरात एकटेच फिरत असाल तर 36 ला माझी हरकत नाही. 35 च्या खाली मात्र नको.

हवा कमी असली की होतं काय, तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. वाकणं म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे उष्णता. शंभरच्या वेगाने ही उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. आतले थर सुटायला लागतात आणि टायर फुटतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना 120 ची मर्यादा आहे, रस्ता सरळ, काँक्रीटचा, आणि विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर. तिथे निघालेल्या गाड्यांची हवा मी दोनदा तपासतो. लोकांची समजूत उलटी असते: उन्हात हवा फुगते, म्हणून कमी भरून निघावं. यासारखा धोकादायक सल्ला नाही. ऊन आणि वेग असताना कमी हवेचा टायर जास्त तापतो. धावताना दाब चारपाच पीएसआयने वाढणार हे धरूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो. ढाब्यावर थांबल्यावर 42 दिसले म्हणून हवा सोडू नका; थंड झाल्यावर तुमचे 37 चे 32 झालेले असतील.

दुसरी गोष्ट खड्ड्यांची, आणि आपल्या भागात सध्या तीच मोठी. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत हायवेच्या रुंदीकरणाची कामं, वळणरस्ते, कापलेल्या कडा हे तुम्ही रोज बघता. तुमच्या जुन्या टायरची बाजू 120 मिलिमीटर उंच होती, नव्याची 92. जवळपास तीन सेंटिमीटर रबर आणि हवा खड्डा आणि रिम यांच्या मधून निघून गेली. कमी हवेचा टायर धारदार कडेवर आपटला की बाजूची भिंत रिमच्या ओठात आणि खड्ड्याच्या कडेत चिमटते, आतले धागे तुटतात आणि दोनचार दिवसांनी तिथे फुगा दिसतो. असा फुगा आला की टायर बाद. तो दुरुस्त होत नाही, कोणी ‘आतून पॅच मारतो’ म्हणालं तरी होत नाही. गणपतीत कोकणातून परतलेल्या गाड्यांमध्ये मागच्या चाकाला, आतल्या बाजूने, असे फुगे मी दरवर्षी बघतो. मालकाला बाहेरून काहीच दिसलेलं नसतं. म्हणून सांगतो, घरी आल्यावर टॉर्च घेऊन चारही चाकांची आतली बाजू एकदा नजरेखालून घाला. हात फिरवूनही उंचवटा कळतो.

तिसरी गोष्ट पावसाची. टायर रुंद झाला की साचलेलं पाणी बाजूला सारायला त्याला जास्त कष्ट पडतात, आणि हवा कमी असेल तर तो कमी वेगातच पाण्यावर तरंगायला लागतो. 185 वरून 205 वर आलात आणि हवा कमी केलीत, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दिशेने वाईट केल्या. पावसाळ्यात तरी 37 च्या खाली जाऊच नका.

मग आदळण्याचं काय? तुमची ती तक्रार खरी आहे आणि मी ती उडवून लावत नाही. पण हवा कमी करून आराम विकत घ्यायचा नाही. तीन सेंटिमीटर रबर गेलं, ते दोन पीएसआय सोडून परत येणार नाही. फक्त धक्का टायरऐवजी रिमला बसेल. अलॉय अजून परत करता येत असतील किंवा विकता येत असतील, तर माझा सल्ला 16 इंचाचा आहे. 195/55 आर16, 87 चा साधा टायर. बाजूची उंची 107 मिलिमीटर, बाहेरचा व्यास जुन्या टायरच्या जवळजवळ तंतोतंत (621.5 आणि 620.9 मिलिमीटर), आणि जुन्या 505 किलोंसाठी हवा लागते फक्त 33 पीएसआय. बलेनोच्या खालच्या मॉडेलला 15 इंच आणि वरच्या मॉडेलला कंपनी स्वतःच 195/55 आर16 देते, ते उगाच नाही. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने मोठी साइज दिली असेल, तर गणित करत बसण्याआधी त्या मॉडेलचा स्टीकर किंवा पुस्तिका बघा. तिथे तुमचं उत्तर छापलेलं आहे. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडून फोटो काढायला कोणी नाही म्हणत नाही.

17 च ठेवायचे असतील तरी बिघडलं नाही. 205/45 आर17 चा व्यास 616 मिलिमीटर येतो, म्हणजे एक टक्क्याहून कमी फरक. स्पीडोमीटरची चिंता नको. पण याच मापाचा 84 चा साधा टायर कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्याची कमाल ताकदच 500 किलो, म्हणजे तुमच्या जुन्या टायरच्या 32 वरच्या ताकदीहूनही कमी. तिथे हवा वाढवून काही साधत नाही. मूळ टायरपेक्षा कमी लोड इंडेक्स मी बसवून देत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी. अलॉयलाही भाराची मर्यादा असते. रिम काढल्यावर मागच्या बाजूला ओतीव अक्षरांत ती लिहिलेली असते, बहुधा जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या जपानी चाचणीच्या खुणांच्या आसपास. ती नसेलच तर तो रिम कुठून आला हे विकणाऱ्याला विचारा. रुंदीही बघा: 205/45 ला साडेसहा ते साडेसात इंचाचा रिम चालतो. शोभेसाठी आठ इंची घेऊन टायर ताणून बसवला असेल, तर त्याला कुठलाच दाब बरोबर पडणार नाही.

हवा मोजायची कशी, यावर थोडा वेळ देतो, कारण आकडा बरोबर असून मोजणी चुकली तर सगळं वाया जातं. टायर थंड हवा. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास सावलीत उभी. अंगणात उभ्या गाडीच्या एका बाजूवर ऊन पडत असेल तर त्या बाजूची हवा दोनतीन पीएसआय जास्त दिसते, आणि लोक ती सोडून टाकतात. म्हणून पहाटे, ऊन यायच्या आधी मोजा. त्यासाठी स्वतःचं मीटर घ्या. चारपाचशे रुपयांत चांगलं मिळतं, ग्लोव्ह बॉक्समध्ये मावतं. पेट्रोल पंपावरच्या मशिनीत आणि या मीटरमध्ये फरक असेल तर हरकत नाही. फरक किती आहे ते एकदा लक्षात ठेवलं की झालं.

पंप घरापासून लांब असेल तर टायर तिथपर्यंत तापणारच. त्यावर साधा उपाय आहे. घरी पहाटे मोजलं, समजा पुढे 33 आली. तुम्हाला 37 हवी, म्हणजे 4 कमी. पंपावर पोहोचल्यावर तेच चाक 35 दाखवेल. तिथे 37 भरायची नाही, 35 अधिक 4 म्हणजे 39 भरायची. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोजा, 37 च्या जवळपास मिळेल. एखाद्या पीएसआयचा फरक पडला तर घरीच थोडी सोडून घ्या. पंपावर नेहमी अर्धा-एक जास्तच भरून घ्यावी, कारण सोडणं घरी जमतं, भरणं जमत नाही.

ऋतूचाही हिशोब ठेवा. तापमान साधारण सहा अंशांनी उतरलं की तुमच्या टायरमध्ये एक पीएसआय कमी होतो. मे महिन्यात नीट लावलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तीनचार पीएसआय कमी दिसेल, पंक्चर नसतानाही. शिवाय रबरातून महिन्याला एखादा पीएसआय आपोआप जातो. महिन्यातून एकदा मोजणं एवढी शिस्त पुरते. पण एका चाकात आठवड्याला तीनचार पीएसआय कमी होत असतील तर ते रबरातून जाणं नव्हे. बाहेरच्या अलॉयला हे होतं: व्हॉल्व्ह ढिला, टायर जिथे रिमला बसतो तिथे रंगाचे पापुद्रे, किंवा ओतकामातच बारीक छिद्र. चाक काढून पाण्याच्या टाकीत बुडवायला सांगा, बुडबुडे कुठून येतात ते स्वतः बघा.

नायट्रोजनबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगतो. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. कोरडा नायट्रोजन भरला तर आत ओल राहत नाही, हवा थोडी हळू कमी होते, एवढा फायदा. त्याने दाबाचा आकडा बदलत नाही: साध्या हवेला 37 तर नायट्रोजनलाही 37. आणि नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा टाकली तर काही होत नाही. वाटेत हवा कमी दिसली तर नायट्रोजन शोधत पुढे जाऊ नका.

एकदा 37 वर आलात की मग बारीक सारीक जुळवणी. एका वेळी एक पीएसआय बदला आणि आठवडाभर चालवून बघा. पुढे-मागे स्टीकरवर जो फरक असेल तो नव्या आकड्यातही ठेवा. मागच्या सीटवरचे आदळतात म्हणून फक्त मागची हवा उतरवू नका, वळणावर गाडीचं शेपूट सैल होतं. तीनचार हजार किलोमीटरनंतर टायरची झीज मोजा. खोली मोजायचं छोटं गेज कुठल्याही टायरवाल्याकडे असतं. मध्ये, डाव्या खांद्याला (म्हणजे कडेच्या पट्ट्याला), उजव्या खांद्याला, अशी तीन ठिकाणी. दोन्ही खांदे मध्यापेक्षा जास्त झिजले असतील तर हवा कमी पडतेय. मध्य जास्त झिजला असेल तर एखादा पीएसआय उतरवा. एकच बाजू झिजत असेल तर हवेला हात लावू नका, अलाइनमेंट करा. काही जण टायरवर खडूची आडवी रेघ मारून थोडं चालवतात आणि ती कुठे पुसली गेली ते बघतात. ढोबळ कल्पना येते, पण आजच्या रेडियल टायरच्या पोटातला पोलादी पट्टा तळ बराच सपाट धरून ठेवतो, त्यामुळे खडूवर एकट्यावर विसंबू नका. मी मोजलेल्या झिजेवर विश्वास ठेवतो.

स्टीअरिंग थरथरतंय म्हणून हवा कमीजास्त करणारेही भेटतात. नव्या अलॉयवर ऐंशीच्या पुढे थरथर आली तर ते बहुधा बॅलन्सिंग असतं, किंवा अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्या गोल भागावर बसतं त्यापेक्षा) मोठं असल्यामुळे चाक मध्यावर बसलेलं नसतं. ती फट भरायला कडी मिळते. नट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. आणि विमा कंपनीला चाकं बदलल्याचं कळवून ठेवा.

थार, स्कॉर्पिओ, बोलेरोवाल्यांसाठी एक ओळ: तुमच्या नव्या टायरच्या मापाआधी किंवा नंतर एलटी, म्हणजे लाइट ट्रक, लिहिलेलं असेल, तर वरचं 1.16 चं गणित तुम्हाला लागू नाही. एलटी टायरचे तक्ते पूर्ण वेगळे असतात आणि त्याच भाराला हवा बरीच जास्त लागते. टायर कंपनीचा तक्ता मागून घ्या.

म्हणजे तुमच्यासाठी आकडे असे: रोजचं जाणं-येणं, एक ते तीन माणसं, चारही चाकांना टायर थंड असताना 37. पाच माणसं आणि सामान असेल तर पुढे 37, मागे 40 ते 41, निघायच्या दिवशी पहाटे. परत आल्यावर मागची पुन्हा 37. 16 इंचावर गेलात तर 33, आणि भरलेल्या गाडीला मागे 36. गाडीत हवा दाखवणारी यंत्रणा असेल तर नवा आकडा लावल्यावर ती रिसेट करून घ्या, नाहीतर ती जुन्याच आकड्याशी तुलना करत राहील.

आणि स्टेपनी. तुमची स्टेपनी अजून 15 इंची पत्र्याचीच असणार. तिला जुनाच स्टीकर लागू, पण वापर नसतानाही हवा कमी होत राहते म्हणून तिच्यात 36 भरून ठेवा, लावायची वेळ आली तर 32 वर आणा. बाहेरच्या अलॉयबरोबर पुष्कळदा वेगळ्या बैठकीचे नट येतात, आणि ते पत्र्याच्या रिमवर नीट बसत नाहीत. कंपनीचे मूळ नट अलॉयवाल्याकडून परत मागून घ्या आणि जॅकच्या पिशवीत ठेवा.